सार्कच्या बैठका बंद पडल्या, मग शेजारी देशांचा निरोप येतो कुठून?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता) | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

७ मे रोजी बडोद्यात भोंगे वाजले, संध्याकाळी सोसायट्यांनी दिवे मालवले, आणि तेव्हापासून आमच्या रविवारच्या कट्ट्यावर एक वाद पेटलाय. ‘ऑपरेशन अभ्यास’ या देशभरच्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत गुजरातेतून पहिल्या वर्गात सुरत, काक्रापार आणि आपण होतो, म्हणजे विषय दारातलाच. कट्ट्यावर सेव-उसळ संपली की वाद अर्धवट सोडून मंडळी उठतात, म्हणून तो इथे आणला.

प्रश्न असा, की शांतता, सुरक्षा, आपत्ती याबाबत शेजारी देशांत एकमेकांशी काही व्यवहार उरलाय का? कट्ट्याचं बहुमत: काही नाही, सार्क (दक्षिण आशियातल्या आठ देशांची संघटना) मेली. तसं म्हणायला जागा आहे. डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्याला जन्म, शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला. पुढची २०१६ साली इस्लामाबादला ठरली होती. उरीचा हल्ला झाला, भारतानं येत नाही म्हणून कळवलं, बाकीच्यांनीही अंग काढून घेतलं, आणि मग परिषद झालीच नाही. काठमांडूच्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं आता बारावीला आहेत.

तरी मला पटत नाही. ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर विसरला नसाल. ज्या डीप डिप्रेशननं (कमी दाबाच्या तीव्र क्षेत्रानं) आपल्याला बुडवलं, तेच पुढे सौराष्ट्र-कच्छवरून सरकत अरबी समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला त्याचं चक्रीवादळ झालं. नाव ‘असना’, पाकिस्ताननं सुचवलेलं. ते जाहीर केलं दिल्लीच्या हवामान खात्यानं, आणि त्याचे इशारे दिल्लीहून जसे गांधीनगरला गेले तसेच कराचीला आणि मस्कतलाही. तेव्हा भारत-पाकिस्तानात एकमेकांचे राजदूतसुद्धा नव्हते.

माझं म्हणणं एवढंच: माडीवरचा दिवाणखाना बंद आहे, पण तळमजल्यावरची कारकुनी चालू आहे. आणि जीव वाचतात ते त्या कारकुनीमुळे. झोडा आता.

वादी_नंबर_१ | १४ सप्टेंबर, रात्री १०.०५

झोडतोच. चक्रीवादळांच्या नावांचा सार्कशी काडीचा संबंध नाही. ते जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-पॅसिफिक आयोग यांनी मिळून नेमलेलं पॅनेल आहे, १९७२ चं. नावं द्यायला लागले २००४ पासून. तेव्हा आठ देश होते. आता इराण, सौदी, कतार, अमिराती, येमेन धरून तेरा. प्रत्येकानं तेरा नावं दिली, २०२० ची यादी १६९ नावांची झाली. हवामानवाले जगभर एकमेकांना आकडे देतातच, शत्रूलाही देतात, कारण वारा पासपोर्ट दाखवून येत नाही. यात शेजारधर्म कुठे आला?

दांडियाबाजारकर | १४ सप्टेंबर, रात्री १०.१२

शेजारधर्म हा शब्द मी वापरलेलाच नाही, भाऊ. निरोप येतो का, एवढंच विचारलंय.

निवृत्त_ओव्हरसियर | १५ सप्टेंबर, सकाळी ६.५०

धागा चांगला आहे. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, म्हणून नद्यांपुरतं बोलतो. निरोप येतो, पण कधी येतो, कोणत्या दारानं येतो आणि कोणाच्या मर्जीवर येतो, यात सगळी गोम आहे.

तिबेटातली दोन उदाहरणं घ्या. २००० साली यिगाँग नदीवर दरड कोसळून मोठा बांध तयार झाला आणि जूनमध्ये तो फुटला. आपल्याकडे अरुणाचलात सियांगला लोंढा आला, पूल गेले, माणसं गेली. वरून कुणी काही कळवलेलं नव्हतं. त्यानंतर २००२ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची माहिती पावसाळ्यात पुरवण्याचा करार चीनशी झाला. पुढे २००४ मध्ये परेछू नदीवर तसाच तलाव तयार झाला. या वेळी चीननं कळवलं. हिमाचलात सतलजकाठची गावं हलवली गेली. तलाव फुटला जून २००५ मध्ये. रस्ते-पुलांची दाणादाण उडाली, पण माणसं वाचली. पाणी दोन्हीकडे तसंच आलं. फरक पडला तो आगाऊ निरोपाचा.

आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये डोकलामला भारत-चीनच्या फौजा आमनेसामने आल्या आणि त्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचे आकडे आलेच नाहीत. चीन म्हणाला, केंद्रांची दुरुस्ती चालू आहे. २०१८ ला पुन्हा सुरू झाले. दुरुस्ती खरी असेलही, पण मुहूर्त कसा साधला बघा. धागाकर्त्यांच्या तळमजल्याचा मेन स्विच माडीवर आहे, हे ध्यानात ठेवा.

आपण देणाऱ्याच्या जागी असतो तेव्हाही सगळं सुरळीत असतंच असं नाही. बडोदं बुडालं त्याच्या आठवडाभर आधी बांगलादेशात फेनीकडे पूर आला आणि तिकडे बोंब उठली की भारतानं त्रिपुरातलं डुंबूर धरण उघडलं. आपल्या परराष्ट्र खात्यानं खुलासा केला: धरण सीमेपासून १२० किलोमीटरहून लांब आहे, उंचीही फार नाही, पूर धरणाखालच्या खोऱ्यातल्या पावसाचा आहे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण त्याच खुलाशात एक वाक्य होतं, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला टोचतं. गुमती नदीवरच्या अमरपूर केंद्राचे आकडे करारानुसार बांगलादेशला जातात. २१ ऑगस्टला दुपारी ३ पर्यंत पाणी चढत असल्याचे आकडे गेले, आणि संध्याकाळी ६ ला पुरामुळे वीज गेली नि संपर्कात अडथळा आला.

म्हणजे जेव्हा आकडा हवा नेमका तेव्हाच केंद्र आंधळं. यात ना कट, ना दुष्टावा. बॅटरी, सोलर, दुसरा मार्ग, एवढ्याचा प्रश्न. पण तिकडच्या माणसाला दिसतं काय? आकडे थांबले आणि पाणी आलं. अफवा तिथेच जन्मते.

रावपुऱ्याची_सून | १५ सप्टेंबर, दुपारी २.१५

काका, प्रतिसाद दोनदा वाचला. मग ताजं उदाहरणही सांगा ना. पहलगामनंतर सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवलाय, मग आपल्या सरकारच्या हिशेबानं पाकिस्तानला पुराची सूचना देण्याचं बंधन आपल्यावर राहिलं नाही. तरी गेल्या महिन्यात जम्मूतल्या तवी नदीच्या पुराचं कळवलं म्हणे?

निवृत्त_ओव्हरसियर | १५ सप्टेंबर, दुपारी ४.३०

हो ताई. २४ ऑगस्टला कळवलं, पण सिंधू आयोगाच्या मार्गानं नाही, इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकीच्या भूमिकेतून. १९६० च्या करारातल्या आयोगाचे लोक पूर आला की थेट एकमेकांशी बोलत. आता निरोप वकिलातीतून परराष्ट्र खात्यात, तिथून आपत्तीवाल्यांकडे. पोचतो, पण जास्त टेबलं फिरून. करार स्थगित ठेवावा की नाही हा वेगळा वाद आहे, तो इथे नको.

संपादक मंडळ | १५ सप्टेंबर, सायंकाळी ७.००

सिंधू करारावरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून लिहा.

फतेगंजचा_फौजी | १५ सप्टेंबर, रात्री ८.२०

आकड्यांचं झालं. आता माणसं पाठवायची वेळ येते तेव्हा काय होतं ते बघा.

२६ जानेवारी २००१, भूज. कारगिलला दोन वर्षंही झाली नव्हती. पाकिस्ताननं तंबू आणि ब्लँकेटं भरून विमान अहमदाबादला पाठवलं, आपण उतरू दिलं, मुशर्रफ आणि वाजपेयींचं फोनवर बोलणं झालं. त्याच जुलैत आग्र्याची शिखर भेट. आग्र्याचं काय झालं ते सोडा.

८ ऑक्टोबर २००५, मुझफ्फराबादचा भूकंप. डोंगरातले रस्ते संपले, हेलिकॉप्टरशिवाय पर्याय नाही. आपण हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्तान म्हणाला, हेलिकॉप्टर द्या, वैमानिक आमचे. आपण म्हणालो, आमच्या वैमानिकांशिवाय नाही. झालं. ढिगाऱ्याखाली माणसं आणि वर हा हिशेब. शिव्या देणं सोपं आहे, पण मी वर्दीतला माणूस, दोन्ही बाजू समजू शकतो. शत्रूचा पायलट माझ्या ठाण्यांवरून रोज घिरट्या घालणार, किंवा माझं मशीन दुसऱ्याच्या हाती जाणार, दोन्ही कोणताही कमांडर नाकारेल. तरी सामान गेलंच, आणि नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणी वाट उघडली गेली. महिना उलटल्यावर! मी म्हणतो, असल्या गोष्टी शांततेच्या काळात लिहून ठेवायच्या असतात. कोणती मशीन, कोणते मार्ग, कोणाच्या नियंत्रणाखाली, बरोबर त्यांचा एक अधिकारी बसणार की नाही. संकटात वाटाघाटी करायला बसलं की असंच होणार.

आणि उलट टोक म्हणजे नेपाळ, २५ एप्रिल २०१५. आपलं एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) त्याच दिवशी काठमांडूत उतरलं, ‘ऑपरेशन मैत्री’. काम चोख झालं. पण आपल्या टीव्हीवाल्यांनी तो आपल्याच पराक्रमाचा सोहळा करून टाकला आणि शेवटी नेपाळी लोक समाजमाध्यमांवर सांगायला लागले, भारतीय मीडियानं घरी जावं. मदत करणाऱ्यानं तोंड बंद ठेवणं हीसुद्धा ट्रेनिंगची बाब आहे. जरोदच्या एनडीआरएफ कॅम्पातली पोरं कधी बघा, गाळातून बाहेर येतात नि गुपचूप चहा पितात.

वादी_नंबर_१ | १५ सप्टेंबर, रात्री ९.१०

फौजीसाहेब, लिहून ठेवायचं म्हणता, ते लिहूनच ठेवलं होतं! नैसर्गिक आपत्तीत तातडीनं एकमेकांच्या मदतीला जाण्याचा सार्कचा करार. मालदीवच्या अड्डू परिषदेत २०११ ला सह्या. सगळ्यांची मंजुरी येईतो २०१६ उजाडलं. मधल्या काळात नेपाळ पडला. जी मदत गेली ती ज्यानं त्यानं आपापली पाठवली. धागाकर्ते, याला कारकुनी म्हणायची का?

दांडियाबाजारकर | १५ सप्टेंबर, रात्री ९.३०

याला माडी म्हणायची. माझा मुद्दा तुम्हीच घट्ट केलात.

मस्कतची_मावशी | १६ सप्टेंबर, सकाळी ११.०५

माहेर कारेलीबाग, आता बरीच वर्षं मस्कत. धाग्यात ओमानचं नाव निघालं म्हणून लिहिते. वादळांच्या पॅनेलात आम्ही पहिल्या आठांत. ‘हुदहुद’ हे ओमाननं दिलेलं नाव, ते जाऊन धडकलं विशाखापट्टणमला. आणि २००७ चं ‘गोनू’, नाव मालदीवचं, ते आमच्या डोक्यावर आलं. ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. इथे वाद्या (नद्यांची पात्रं) एरवी कोरड्या असतात हो, त्यांतून मोटारी वाहून गेल्या होत्या.

पण मला वादळापेक्षा दुसरी भीती वाटते आणि गुजरातेत तिच्यावर कुणी बोलत नाही: मकरान. पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यासमोर समुद्रात भूकंपाचा मोठा पट्टा आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथे भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा कच्छच्या किनाऱ्यापर्यंत आणि मुंबईपर्यंत गेल्या, माणसं दगावली. आज तसं झालं तर पाणी आधी चढणार ग्वादर, ओरमारा, पसनीला. म्हणजे मांडवी-द्वारकेच्या लोकांना सावध करायला पाकिस्तानच्या, इराणच्या, आमच्या किनाऱ्यावरचे भरती मोजणारे गेज चालू असायला हवेत.

२००४ च्या त्सुनामीत हिंदी महासागरात इशाऱ्याची व्यवस्थाच नव्हती. आता आहे. हैदराबादचं केंद्र २००७ पासून चालतं आणि भारत, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया हे तिघे मिळून सगळ्या महासागराला इशारे देतात, पाकिस्तानलाही. वादी नंबर एक म्हणतील हीही संयुक्त राष्ट्रांचीच व्यवस्था. असू दे की! भांडखोर भावांमध्ये मामा बसवतात तो उगीच नाही.

यूपीएससीचा_हमाल | १६ सप्टेंबर, दुपारी १.००

काही भर. सार्कला बाजूला ठेवून आता बिम्सटेक (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना) चालतं. १९९७ ला बँकॉकला सुरू झालं, पण सनद लागू झाली मे २०२४ मध्ये. आपत्तीचे संयुक्त सराव होतात: २०१७ ला दिल्लीत, २०२० ला पुरीला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात ‘पॅनेक्स-२१’, ज्यात साथीच्या काळात दुसरी आपत्ती आली तर काय, असा प्रसंग धरला होता. शिवाय कोलंबो सुरक्षा परिषद: भारत, श्रीलंका, मालदीव, नंतर मॉरिशस आणि २०२४ ला बांगलादेश. तिची सनद ३० ऑगस्ट २०२४ ला कोलंबोत सही झाली, ज्या दिवशी ‘असना’ला नाव मिळालं त्याच दिवशी. त्यांच्या पाच कलमांत दहशतवाद, सागरी सुरक्षा, तस्करी, सायबर आणि आपत्तीतली मदत. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा आपत्तीतल्या मदतीचा करार मात्र बंधनकारक आहे, २००९ पासून लागू, आणि जकार्तात…

वादी_नंबर_१ | १६ सप्टेंबर, दुपारी १.०४

अरे बाळा, नोट्स ओतू नकोस. तुझं मत काय?

यूपीएससीचा_हमाल | १६ सप्टेंबर, दुपारी १.२०

मत असं, की आसियानला २००८ च्या ‘नर्गिस’ वादळानं कामाला लावलं. म्यानमारच्या लष्करशहांनी बाहेरच्यांना दार बंद केलं होतं, ते आसियाननं मध्ये पडून थोडं उघडलं. लष्करशहांना शेजाऱ्यांचं नाव पुढे केलेलं चाललं, पाश्चात्त्यांचं चाललं नसतं. आपल्याकडे तशी मध्यस्थ जागाच नाही, कारण इथे एकच देश बाकी सगळ्यांपेक्षा अवाढव्य आहे आणि तो म्हणजे आपण. आपण मदत केली तरी छोट्यांना धास्ती वाटते. फौजीकाकांनी नेपाळचं सांगितलं ते त्यातलंच.

रावपुऱ्याची_सून | १६ सप्टेंबर, दुपारी ३.४५

हमाल, हे छान लिहिलंस. आणि बडोदेकरांनो, कुणालाच आठवलं नाही म्हणून सांगते, सार्कचं आपत्ती व्यवस्थापन केंद्र दिल्लीतून हलवून कुठे आणलंय? गांधीनगरला, राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या आवारात, २०१६ पासून. करोनात मार्च २०२० मध्ये सार्कच्या नेत्यांची व्हिडिओवर बैठक झाली, भारतानं एक कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा याच केंद्रानं सगळ्या देशांसाठी माहितीचं संकेतस्थळ उभं केलं होतं. इतक्या जवळ आहे!

पण माझा प्रश्न खालचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीला कळलं, गांधीनगरला कळलं, तुमच्या म्हणण्यानुसार कराचीलाही कळलं. समा भागात माझी आई तळमजल्यावर राहते, तिला कोणी कळवलं? शेजारच्यांनी. आजवा धरणाचं पाणी चढतंय याची बातमी येण्याआधी मगरींचे व्हिडिओ आले. देशादेशांतला निरोप पोचतो, शेवटच्या गल्लीत का अडतो?

मस्कतची_मावशी | १६ सप्टेंबर, सायंकाळी ५.२०

सूनबाई, यात शिकायचं असेल तर बांगलादेशाकडून शिका, कितीही नाक मुरडलं तरी. १९७० च्या भोला वादळात तीन लाख किंवा त्याहून जास्त माणसं गेली. त्यानंतर त्यांनी स्वयंसेवकांची फळी उभी केली, आता सत्तर हजारांच्या वर आहेत, आणि निम्म्या बायका. प्रत्येक वस्तीत ठरलेली माणसं, हातात मेगाफोन, सिग्नलचे झेंडे. पुरुष येऊन ‘निघा’ म्हणाला तर घरातली बाई निघत नाही; ओळखीची बाई आली तर पोरं, कोंबड्या, गाठोडं घेऊन निघते. आता तिकडे मोठ्या वादळातसुद्धा बळी दहा-वीसांत मोजतात. यासाठी कोणतीही शिखर परिषद लागली नाही.

वाव_थरादकर | १६ सप्टेंबर, रात्री ८.००

मी मूळचा बनासकांठ्याच्या सीमेकडचा, आता वाघोडिया रोडला. सगळ्यांनी पाणी आणि वारा घेतला, टोळ विसरलात.

डिसेंबर २०१९ मध्ये आमच्याकडे टोळधाड आली तेव्हा एरंडा, जिरं, मोहरी, सगळं भुईसपाट. लोकांनी थाळ्या बडवल्या, टायर जाळले. ती टोळ आली पाकिस्तानच्या वाळवंटातून, तिथे इराणातून, तिथे अरबस्तानातून. हिच्यासाठी १९६४ पासून एक आयोग आहे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या छत्राखाली: भारत, पाकिस्तान, इराण, अफगाणिस्तान. दुनियेत ज्या चौघांना एका टेबलाला बसवणं अवघड तेच चौघे! आणि पावसाळ्याच्या महिन्यांत मुनाबाव-खोखरापारच्या सीमेवर दोन्ही बाजूंचे टोळ अधिकारी समोरासमोर बसून बोलत आलेत: तुमच्याकडे अंडी किती, पिलं कुठे, कोणती फवारणी केली. बाहेर गोळीबार चालू असतानाही अशा बैठका झाल्या आहेत. पेपरात येत नाही, कारण टोळ हा काही मतांचा विषय नाही.

माझं मत धागाकर्त्यांच्या बाजूनं. जिथे दोघांचंही पीक जातं तिथे दोघेही बोलतात. जिथे एकाचंच जातं, तिथे ओव्हरसियरकाकांची ब्रह्मपुत्रा होते.

फतेगंजचा_फौजी | १६ सप्टेंबर, रात्री ८.४०

थरादकर, हे माहीत नव्हतं. +१.

याच जातीच्या आणखी दोन गोष्टी. दर १ जानेवारीला भारत-पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, १९९२ पासून. २०२५ ची ३४ वी, एकदाही खंड नाही. कारगिलनंतर दिली, २००२ ला सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या असताना दिली, बालाकोटनंतरही दिली. आणि २००५ पासून आपलं तटरक्षक दल आणि त्यांची सागरी सुरक्षा यंत्रणा यांच्यात थेट संपर्काची सोय आहे. पोरबंदर-वेरावळचे खलाशी पकडले गेले तर निदान कळतं कुठे आहेत. सुटकेला लागतात ती वर्षं, हे वेगळं दुखणं.

वादी_नंबर_१ | १६ सप्टेंबर, रात्री ९.३०

टोळांपुढे मी हरलो, लिहून घ्या. पण थरादकरांचा निकष धरला तर पुढची पंचाईत दिसते का? हिमालयातले हिमतलाव फुटले की मोठा फटका खालच्याला, वरच्याचं बहुधा फारसं जात नाही. बोलायला भाग पाडणार कोण?

निवृत्त_ओव्हरसियर | १७ सप्टेंबर, सकाळी ६.४०

प्रश्न रास्त आहे. माझ्या मते, वरच्याचंही काहीतरी पणाला लागलेलं असावं. वीज विकायची असेल, माल न्यायला रस्ता हवा असेल, तर तो आकडे देतो. भूतान आपल्याला वीज विकतो आणि पुराचे आकडेही देतो. चीनला आपल्याकडून असं काय हवंय, ते मला सांगता येणार नाही.

सूनबाई, तुमच्या आईसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मावशींनी दिलंच. आपल्याकडे नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा आहे आणि स्वयंसेवक घेतात. मे महिन्यातल्या सरावानंतर बऱ्याच तरुणांनी नावं दिली म्हणे, पण त्यांचा उपयोग भोंग्यापुरता न करता पुरालाही करावा.

रावपुऱ्याची_सून | १७ सप्टेंबर, सकाळी १०.१०

काका, फॉर्म कुठे मिळतो? भिशीतल्या आम्ही चौघी-पाचजणी तयार आहोत, पण पन्नाशीपुढच्यांना घेतात का ते माहीत नाही.

फतेगंजचा_फौजी | १७ सप्टेंबर, सकाळी १०.३५

कलेक्टर कचेरीत चौकशी करा, नागरी संरक्षणाची सूत्रं जिल्ह्यात त्यांच्याकडेच असतात. वयाचं तिथेच विचारा. नाहीच घेतलं तर समा भागातल्या तळमजल्यांची यादी तुम्हीच करायला घ्या: कोण एकटं राहतं, कोणाला जिना चढवत नाही, किल्ली कोणाकडे. मेगाफोन माझ्याकडे आहे, घेऊन जा.